बंबाजवळची बाटली

बाटली कोमट होती हे मला लांबूनच कळलं. डिसेंबरची पहिली तारीख, सकाळचे साडेसहा, आणि खोकल्याच्या औषधाच्या त्या जुन्या बाटलीवर आतून वाफ धरली होती. धुरपदानं ती न्हाणीच्या दारातून बाहेर दिली, तोंडावर पदर घेऊन, आणि माझ्या श्रीमंतनं ती घेतली. दोन्ही हातांनी घेतली. माझ्या हातचा चहा तो मोबाइलवरची नजर न काढता एका हातानं घेतो. मी नळाखाली घागर लावून उभी होते. घागर भरून वाहायला लागली तरी मला कळलं नाही. बाटलीत पिवळं पाणी होतं. औषध असं नसतं. साठी उलटलेल्या बाईला असलं पाणी कशाचं ते सांगावं लागत नाही. त्यानं बाटली लोकरीच्या एका मोज्यात घातली, मोजा बनियनच्या आत काखेत दाबला, वरनं स्वेटर ओढलं आणि मोटरसायकलला लाथ मारली. माझ्याकडं बघितलं नाही. धुरपदानं बघितलं, आणि पदर खाली घेतला.

धुरपदा म्हणजे माझी धाकटी जाऊ. धाराशिवला आमच्या दोघींच्या दोन-दोन खोल्या, मधी एक भिंत, मागं एकच न्हाणी आणि न्हाणीत एकच तांब्याचा बंब. तिचा समर्थ आणि माझा श्रीमंत दोघं एकाच साखर कारखान्यात. ढोकीच्या रस्त्याला लागतो, पण ढोकीचा जुना सहकारी नव्हे; हा नवा, खासगी. श्रीमंत वर क्रेनच्या डब्यात बसतो, समर्थ खाली उभा राहून ट्रॉलीतल्या उसाला वायररोपचे हुक लावतो. समर्थनं हात वर केला की श्रीमंत मोळी उचलतो आणि गव्हाणीत नेऊन टाकतो. वर माझा, खाली तिचा. ही गोष्ट मी आल्यागेल्याला आवर्जून सांगत असे. सांगताना धुरपदा जवळ असली तर जरा मोठ्यानं सांगत असे.

ह्या हंगामापासून कारखान्यानं तपासणी काढली होती. मागल्या साली कुणीतरी नशेत ट्रॅक्टर मागं घेतला आणि एका माणसाचा पाय गेला, म्हणून. दर एक तारखेला डायवर, क्रेनवाले, बॉयलरवाले सगळे दवाखान्यापुढं रांगेत. हातात रिकामी बाटली देतात, आत जाऊन लघवी भरून आणायची, मग कंपाउंडर बसप्पा त्यात पट्टी बुडवतो. पट्टीवर दोन रेघा आल्या तर माणूस सुटला, एकच आली तर सापडला. आमच्या सुनेच्या, वर्षाराणीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले होते. ती आता बाळंतपणाला माहेरी आहे. कागदावर असं लिहिलंय म्हणे, की भरताना बसप्पानं आत उभं राहून बघायचं. पण बसप्पा गावचा, रांगेतली निम्मी माणसं त्याच्या मामा-काकाच्या नात्यातली. मामाच्या पुढं उभं राहून तो कसा बघणार? तो दाराबाहेर पाठ करून उभा राहतो, आणि बाटली हातात आली की तिला तळहात लावून कोमट आहे का तेवढं बघतो. कोमट असली की खरी. तारीख ठरलेली, दार लावलेलं, कंपाउंडर लाजाळू. एवढी मोठी साहेबलोकांची तपासणी शेवटी बाटलीच्या उबेवर येऊन थांबते. हे सगळं श्रीमंतनंच मला हसत सांगितलं होतं, दिवाळीत. तेव्हा मी पण हसले होते. माझ्या लेकराला त्या पट्टीचं काय भ्या, असं मला वाटलं होतं.

तेव्हा बाटली बघून मला आधी हे कळायला पाहिजे होतं, की माझा पोरगा काहीतरी खातोय. रात्रपाळीवाला येत नाही म्हणून दोन-दोन पाळ्या वर बसतो, सोळा-सोळा तास, डोळे तांबडे करून येतो, आणि त्याच्या अंगात असं काहीतरी आहे जे पट्टीला दिसता कामा नये. कुठल्याही आईच्या मनात आधी हेच आलं असतं. माझ्या मनात आलं ते असं, की माझ्या लेकाला स्वच्छ पाणी लागलं आणि तो भिंतीपलीकडं गेला. मी इथं असताना. मी आयुष्यात कधी मिश्री लावली नाही, पान खाल्लं नाही, चहासुद्धा एकच वेळ. आणि धुरपदा सकाळ-संध्याकाळ दातांवर बोट फिरवत बसणारी बाई. तिचं पाणी त्याला चाललं.

असलं काही मनात आलं की माझे गुडघे बोलायला लागतात. सास्तूरला भूकंप झाला त्या पहाटे माझ्या पायांवर दगडी भिंत आली. श्रीमंत दोन महिन्यांचा होता, पाळण्यात होता, पाळणा आडव्या पडलेल्या तुळईखाली सापडला आणि पोर आत जागं, गप. धुरपदाचा नवरा त्याच पहाटे गेला. मला सोलापूरला नेलं, साडेतीन महिने मी तिथं छताकडं बघत पडून होते, आणि माझं दूध छातीतच आटून गेलं. माझ्या पोराला धुरपदानं पाजलं. एका अंगाला समर्थ, एका अंगाला श्रीमंत, पत्र्याच्या शेडात, कपाळ पांढरं, आणि दोन्ही पोरं टरटरीत. मी कुबड्या घेऊन परत आले तेव्हा नवऱ्यानं, बिराप्पानं, पोर माझ्या मांडीवर दिलं. पोर माझ्याकडं बघून रडलं. नुसतं रडलं नाही, पाठ ताणून कमान करून रडलं, आणि धुरपदाकडं हात केले. बायका म्हणाल्या, हुईल सवय. ती तिथं उभी होती, नवरा गेलेली, बांगड्या फुटलेली, आणि मला तिचा हेवा वाटला. ह्याची लाज वाटायला पाहिजे हे मला तेव्हाही कळत होतं. लाज वाटली पण. पण हेवा आधी वाटला, आणि बत्तीस वर्षं तोच पुढं चालतो, लाज मागनं येते. तिनं केलेलं कुणी विसरलं नाही. लग्नात श्रीमंत आधी तिच्या पाया पडला. मी म्हणाले, बरं झालं, मानाचं झालं. आणि त्या दिवशी मी जेवले नाही, गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

गुडघ्यांसाठी श्रीमंतच गोळ्या आणतो. पिवळ्या पाकिटातली, दोन वेळची. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्यांनी जे होत नव्हतं ते ह्या गोळीनं होतं. घेतली की गुडघा माझा नसल्यासारखा वाटतो, आणि राग पण जरा लांब जाऊन बसतो. दीड वर्ष झालं. पाकीट संपायच्या आत तो दुसरं आणून ठेवतो, न सांगता. आईचं एवढं तरी ध्यानात ठेवतो, असं मी वर्षाराणीला ऐकवत असे.

त्या दिवशी दुपारी मी भिंतीपलीकडं गेले. धुरपदा ज्वारी निवडत होती. मी आडवळण घेत नाही. विचारलं, सकाळी काय दिलंस माझ्या पोराला. ती सुपातून नजर काढीना. मग म्हणाली, "अक्का, त्यानं मागितलं. म्या न्हाय कसं म्हणू?"

मी म्हणाले, "आणि तुझा समर्थ त्याच क्रेनीखाली उभा असतोय, ते इसरलीस व्हय? वरचा माणूस काय खाऊन बसलाय हे तुला ठावं, आणि तूच झाकतीस."

तिनं खडे बाजूला काढले. तीन खडे. "खाली समर्थ हाय म्हणून तर," ती म्हणाली. "वर श्रीमंत आसला तर जपून टाकंल. त्याला काढलं तर वर कोण यील, कुणाचा कोण. माझ्या पोराची त्याला काय पडली आसंल."

असलं शहाणपण तिलाच सुचावं. पण मी उठून आले ते त्या शहाणपणावर रागावून नव्हे. ती 'श्रीमंत' असं म्हणाली, त्यातला 'श्री' ती जसा हळू म्हणते, तसा मला कधी म्हणता आला नाही, म्हणून उठून आले. मी हाक मारली की ती हाक वाटते. ती मारते तेव्हा पाजल्यासारखं वाटतं.

पुढचा महिनाभर मी बघत राहिले. बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून जास्त बघितलं. तो कामावरनं आला की आधी कुठल्या दारापाशी गाडी लावतो. तिच्या घरच्या कालवणाला काय म्हणतो. तिनं शेंगाची चटणी पाठवली तर किती खातो. रविवारी आठवडी बाजारातनं त्यानं दोन स्वेटरं आणली, एक मला, एक तिला. माझं तांबडं, तिचं निळं. निळं स्वेटर मी धुवायच्या दोरीवर हात लावून बघितलं, लोकर तीच होती. विकणाऱ्यानं एकाच गठ्ठ्यातनं दिली असणार. तरी मला वाटलं, तिची जास्त मऊ आहे. मग मनात असं येऊ लागलं, की ह्या महिन्याला तो माझ्याकडं येईल. तो येऊन काय म्हणेल, मी आधी काय बोलेन, किती बोलेन, मग कशी उठून न्हाणीत जाईन, हे सगळं मी मनात जुळवून ठेवलं. बोलणार होतेच. आई बोलणारच. पण दिलं असतं. एकतीस डिसेंबरला तो जेवताना गप होता. मी दोनदा विचारलं, उद्या काय हाय. तो म्हणाला, उद्या एक तारीख. एवढंच म्हणाला आणि हात धुवायला गेला.

एक जानेवारीला मी पाचलाच उठले. मागल्या दाराच्या फटीतनं धुरपदाकडं बघत राहिले. ह्या खेपेला तिनंच भरलेली बाटली मोज्यात घातली, तोंड तांबड्या नाड्यानं बांधलं आणि मोजा बंबाच्या पोटाशी टेकवून ठेवला, म्हणजे श्रीमंतचा चहा होईपर्यंत पाणी थंड पडणार नाही. मग ती घरात चहा टाकायला गेली. मी न्हाणीत गेले. बंबात लाकडं तडतडत होती, तांब्यावर माझं तोंड दिसत होतं, रुंद झालेलं. मोजा गरम होता, मांजराच्या पोटासारखा. नाडा सोडला, बाटली मोरीत ओतली. तिचं पाणी गेलं. तीनदा खळबळून धुतली. मग गुडघे मोडून बसले, कुबड्या सुटल्यापासून असं बसायला मला जमत नाही, तरी बसले, आणि माझ्या पोरासाठी माझं पाणी भरलं. त्या वेळी मला जे वाटलं ते सांगायला शब्द कमी आहेत. सोलापूरच्या खाटेवर छाती दगडासारखी झालेली असताना नर्स दूध पिळून वाटीत टाकायची आणि मोरीत ओतायची, ती वाटी मला आठवली. ह्या खेपेला मोरीत तिचं गेलं होतं. मी नाडा बांधला, घट्ट, आमच्या बापाची मेंढरं बांधायची गाठ, ओढली की अजून आवळते ती. मोजा बंबाच्या पोटाला टेकवला. आणि घरात येऊन गोळी घेतली, कारण गुडघ्यात कळ आली होती.

त्यानं मोजा उचलताना मी दारात उभी होते. जा म्हणाले. असं मी कधी म्हणत नाही. त्यानं मागं वळून बघितलं.

त्या दिवशी मी येसर आमटी केली, त्याच्या आवडीची. दुपारभर माझ्या अंगात एक गोड जडपणा होता. मला वाटत होतं, आता दवाखान्यापुढं रांग असेल, आता बसप्पा तळहात लावत असेल, आणि पट्टीवर रेघा उमटत असतील, एक, दोन, आणि त्या दोन्ही माझ्या असतील. तो कधी जाणणार नाही, पण असतील. दूध पण कुठं कुणाला आठवतं? अंगात राहतं तेवढं खरं. ह्या सगळ्याचा मी ज्वारीच्या पिठात हात घालून विचार करत होते, आणि चारला गाडी आली. चारला यायची वेळ नव्हती. गाडी एकच होती, मागं समर्थ बसला होता.

श्रीमंत माझ्या दाराशी थांबला नाही. सरळ धुरपदाच्या ओट्यापाशी गेला. मी पीठ लागलेल्या हातांनी मागं गेले. त्यानं मोजा तिच्यापुढं टाकला. मोजा पायाकडनं फाडला होता. गाठ सुटली नाही म्हणून त्यानं तसाच फाडून बाटली काढली होती, आणि वरची गाठ जशीच्या तशी होती.

"काकू, तुमी गोळी घेतली व्हती का?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

धुरपदाला काही कळेना. समर्थनं सांगितलं, एक रेघ आली. बसप्पानं दुसरी पट्टी बुडवली, तीच एक रेघ. तो पण घाबरला, पण मागं साहेब उभा होता. श्रीमंतला क्रेनवरनं काढलं, हंगाम संपेस्तोवर आत यायचं नाही, पुढचं पुढं बघू म्हणाले.

"नुसतं सांगायचं व्हतं," श्रीमंत म्हणत होता. "घेतली म्हणायचं, म्या दुसरीकडनं आणलं आसतं. तुमच्यावर भरवसा ठेवला. आईचं चालत न्हाय म्हणून तर तुमच्याकडं आलो. तिला म्याच देतो ती गोळी, माझ्याच पाकिटातली. दोन वेळ घेती. तिचं पाणी म्हणजे माझंच पाणी. न्हायतर घरात आई असताना हितं कशाला आलो आसतो?"

मी भिंतीला हात लावला. भिंतीवर पिठाची पाच बोटं उमटली. तिचं पाणी म्हणजे माझंच पाणी. हे असलं काही मला कुणी बत्तीस वर्षांत म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते अशा वेळी. म्हणजे तो तिच्याकडं माया म्हणून गेला नव्हता. मला माहीत नव्हतं ते त्याला माहीत होतं, एवढंच होतं. महिनाभर मी दोरीवरच्या लोकरीला हात लावून बघत होते.

समर्थ ओट्याच्या कडेला बसला. तो बोलायचा माणूस नाही. बुटाच्या नाड्या सोडता सोडता खाली बघून म्हणाला, "दिवाळीपास्नं म्या वर बघत बघतच हुक लावायलोय. दोनदा मोळी डोक्यावरनं गेली. उद्यापास्नं खाली बघून लावीन." श्रीमंतनं त्याच्याकडं बघितलं. पट्टीनं शेवटी माणूस बरोबर धरला होता. पाणी तेवढं दुसऱ्याचं होतं.

तोवर धुरपदानं मोजा उचलला होता. ती गाठीकडं बघत होती. तिनं नखानं गाठ चाचपली, एकदा ओढली; गाठ आवळली. तिनं मान वर केली नाही, पण मला कळलं की तिला कळलं. आमच्या घरात मेंढक्याची लेक एकच आहे. आता ती बोलेल, असं मला वाटलं. बोलायचा तिचा हक्क होता आणि बत्तीस वर्षांचं साठलेलंही असणार. तिनं मोजा मुठीत घेतला, गाठ मुठीच्या आत गेली, आणि ती म्हणाली, "घेतली आसंल बाबा. डोकं लई दुखत व्हतं परवा. अक्काच्या फळीवरची एक उचलली. चुकलं माझं."

श्रीमंतनं तोंड फिरवलं. त्या फिरवलेल्या तोंडाची मी बत्तीस वर्षं वाट बघितली होती, तिच्याकडनं फिरलेल्या. ते आता झालं होतं, आणि मला फक्त गप राहायचं होतं. पीठ हातावर वाळत होतं. गप राहिले असते तर तो माझ्याकडंच येणार होता, येसर आमटी तयार होती. पण मला तिची मूठ दिसत होती. ती पुन्हा तेच करत होती. माझं पोर उचलून छातीशी घेतलं तसं आता माझं पाप उचलून मुठीत घेत होती, आणि गल्लीत कुणाला कळलं नसतं तरी आम्हा दोघींना कळणार होतं, रोज, न्हाणीच्या दारात, बंबापाशी. पाजलं तिनं. वाचवलं तिनं. आता बुडवण्याचं नाव पण तिनंच घ्यावं? तेवढं तरी माझं होतं.

"ठेव ती मूठ खाली," मी म्हणाले. "बाटली माझी व्हती. तिचं मोरीत ओतलं आणि माझं भरलं, पहाटे. " मग श्रीमंतकडं वळले. "गाठ बघ, तुझ्या आज्याची हाय."

 समर्थनं बुटाची नाडी हातात धरून ठेवली. धुरपदा हळूच म्हणाली, "अक्का, कशाला," आणि मी तिच्याकडं बघितलं नाही. कमरेची पिशवी काढली, पिठाच्या हातानं पिवळं पाकीट बाहेर काढलं आणि ओट्यावर ठेवलं. दुपारची गोळी घ्यायची राहिली होती. गुडघा आता पुरता माझा झाला होता, राग पण जवळ येऊन बसला होता, आणि मला उभं राहवत नव्हतं, तरी मी उभी होते. श्रीमंत माझ्याकडं बघत होता. काय करू म्हणून बघत होता, की कोण ही म्हणून, ते मला कळत नव्हतं. पण बघत होता, आणि त्याच्या हातात मोबाइल नव्हता.